मूठभर लॅव्हेंडर

तिरुवल्लिकेणी, मद्रास
९ ऑगस्ट १९५९

चि. रंगास राघोत्तमअण्णाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत, हॉटेल चालू आहे, समुद्राचा वारा दुपारी तीननंतर यायचा तो येतो. तुझं पत्र, फुलांची पुडी आणि रोपाचा डबा, सगळं पोचलं. मद्रासला परतलास तर लग्नाच्या स्वयंपाकाचं काम कोणी देईल का, असं विचारलं आहेस. त्यावर लिहितो, आधी तुझ्या लॅव्हेंडरची हकीकत.

रोप गेलं. पाणी कमी घाला असं तू बजावलं होतंस, पण तुझ्या वहिनीला वाटलं, इतकं वासाचं झाड तहानलेलं कसं ठेवायचं. तुळशीबरोबर त्यालाही रोज तांब्याभर पाणी. वर आपली दमट हवा. बाराव्या दिवशी मुळं कुजली. ती म्हणते, "थंडीतलं माणूस इथं आणून ठेवलंत, ते काय जगणार."

फुलांचं पाप मात्र माझं. तू काम करतोस त्या कुन्नूरच्या बोर्डिंगमधल्या इंग्रज बाईंची रीत तू नीट लिहिली होतीस: चिमूटभर फुलं आठ दिवस साखरेत पुरायची, मग चाळून ती साखर वापरायची. मला आठ दिवस धीर कुठला. रविवारची बासुंदी चुलीवर होती, मूठ भरून उकळत्या दुधात सोडली.

गल्ल्यावर बसून ऐकत होतो. माझे कान तुला माहीत आहेत. मॅन्शनमधल्या भाड्याच्या खोलीत राहणारा एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, "हे खायचं की अंगाला लावायचं?"

"खा. उद्याची आंघोळ वाचली."

मलाही हसू आलं. कोपऱ्यात प्रतापसिंहराव बसले होते. वाटी सरकवून म्हणाले, "काय घातलंय यात?"

"कुन्नूरची फुलं. आपल्या रंगानं पाठवली."

"मग बरोबर. माझ्या थोरलीच्या लग्नात इथं उभा राहून बासुंदी नासवली, आता तिथं बसून नासवतो."

मी म्हटलं, "नाही हो, त्यानं चिमूट लिहिली होती, मूठ मी घातली."

"तुम्ही नेहमी त्याला पाठीशी घालता, राघोत्तमराव. हा तुमचा मोठेपणा."

आणि तो मोठेपणा मी घेतला, रंगा. वाटी उचलून आत गेलो.

पुढं तुझ्या रीतीनं केलं. आठ दिवसांनी ती साखर लिंबाच्या सरबतात घातली. वास येतो आणि जातो, तोंडात रेंगाळत नाही. तेच कारकून दोन दोन ग्लास प्याले.

आता दुसरं. सहा वर्षांपूर्वी त्या लग्नाच्या सकाळी हॉटेलातलं आदल्या दिवशीचं उरलेलं दूध मी मांडवात आणलं. तू वास घेऊन म्हणालास, "अण्णा, हे वेगळं ठेवू या." मी म्हटलं, "ओत, उकळलं की सगळं एक." फाटल्यावर प्रतापसिंहरावांना मीच सांगितलं की आचाऱ्यानं भांडं धुतलं नव्हतं. तू झारा घेऊन तिथंच उभा होतास. त्यानंतर तुला कोणी बोलावलं नाही. मला बोलावत राहिले.

हेच, एवढ्याच शब्दांत, त्यांना लिहिलं आहे. तोंडी सांगितलं तर पुन्हा माझा मोठेपणा होईल. दोन्ही पाकिटं एकदम टाकतो. एक मागं राहिलं तर ते कुठलं असेल, हे मला ठाऊक आहे.

त्यांच्या धाकटीचं लग्न पोंगलनंतर आहे. स्वयंपाक मला सांगितलेला आहे, तो माझ्याकडे राहील असं दिसत नाही. तुला बोलावलं तर ये. नाही बोलावलं तर हे पत्र दाखवून दुसरीकडे विचार. त्यासाठी खाली सही नुसती अण्णा अशी करत नाही.

ते दूध ओतायला लावणारा,
व्ही. राघोत्तमराव
हॉटेलमालक, तिरुवल्लिकेणी