साहेबांचा बिनसाखरेचा चहा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी उद्योगधंद्यांना सल्ला देऊन पोट भरणारा आणि हल्ली खिडकीत बसून समोरच्या रस्त्यात समुद्र पाहणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते अधूनमधून भटकतं, पण ती जुनीच खोड आहे, हे मी त्यांच्या कानावर घातलं.

१. राहते घर, आतील सामानासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. मीच या घरात वर्षातले पाच महिने राहिलो असेन. तिला कुठल्या तोंडाने बांधून ठेवू?

२. बँकेतील ठेवीही तिच्याच. त्यातून माझ्या शाळेला जगाचा एक मोठा नकाशा घेऊन द्यावा आणि तो कवितेच्या तासाला गुरुजींच्या मागे दिसेल असाच टांगावा. आमचे गुरुजी समुद्राची कविता चालीवर म्हणत, तेव्हा त्यांच्या टकलामागे निळा महासागर पसरलेला असे. मी पुढे जे काही केलं, ते तिथून सुरू झालं. पक्की कारकुनी सोडून सल्लागार झालो, तोही केवळ फिरायला मिळेल म्हणून.

३. माझ्या कामाच्या नोंदींच्या एकेचाळीस वह्या आमच्या सल्लागार कंपनीला द्याव्यात. परगावच्या कामाला मी पदरमोड करून दोन दिवस आधी पोचत असे. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, कारखान्याच्या फाटकाबाहेर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. तोट्याचं कारण हिशेबनिसाच्या आधी मला फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून कळे. कंपनीत याला माझी पद्धत म्हणत. पद्धत कसली, भटकायला निमित्त हवं होतं. नवख्यांनी वह्या जरूर वाचाव्यात, पण आधी बसमध्ये बसावं.

४. आता ज्यासाठी हे सगळं मांडलं ते. थोरले साहेब, म्हणजे कंपनीतले माझे वरिष्ठ, यांना काहीतरी द्यावं असं फार मनात होतं. वकील म्हणाले, ते साक्षीदार असतील तर त्यांना वाटा देता येणार नाही. मग त्यांच्या वाट्याला नुसतं खरं येतं. मला दूरदेशी कोणी धाडलं नाही. प्रत्येक काम मी मागून घेतलं. बढती दोनदा नाकारली, कारण तिची खुर्ची याच गावात होती. घरी मात्र तीस वर्षं सांगत आलो, साहेब ऐकतच नाहीत, काय करू? त्यापायी माझी पत्नी त्यांना बिनसाखरेचा चहा देई, आणि मुलीनं आपल्या लग्नाची पत्रिका त्यांना जाऊ दिली नाही. ते चहा संपवून उठत. एका शब्दानं त्यांनी मला उघडं पाडलं नाही.

गेल्या रविवारी हा मसुदा मुलीला वाचून दाखवला. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आईला माहीत होतं, बाबा. म्हणायची, साहेबांवर रागावलेलं बरं, ते काही आपल्या घरात राहत नाहीत. मला वाटायचं, थट्टा करते."

"आणि तू?"

"मी खरंच रागावले होते. आता ते मलाच निस्तरलं पाहिजे."

आत जाऊन, दार ओढून घेऊन तिनं साहेबांना फोन केला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आज साक्षीसाठी ते आले. तिनं स्वतः चहा केला, दोन चमचे साखर घालून. साहेबांनी एक घोट घेतला.

"मला साखर बंद केलीय हो डॉक्टरांनी," ते म्हणाले. "फार उशीर केलात तुम्ही लोकांनी."

मग कप रिकामा केला. डॉक्टर शेजारीच बसले होते. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

५. माळ्यावरची, एक चाक मोडलेली सुटकेस मुलीला द्यावी. चाक बसवून घ्यावं, आणि ती परत माळ्यावर टाकू नये.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे. इतक्या हलक्या सामानानिशी मी आजवर कुठेच निघालो नव्हतो.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी अकरा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १, घरचे डॉक्टर: (सही)

साक्षीदार २, थोरले साहेब: (सही) लिहून ठेवणाऱ्यानं माझ्यासमक्ष सही केली. चहा चांगला झाला होता.