कॅमेऱ्यात फक्त हात

४ जानेवारी
तेव्हा मुंबईत रविवारी चर्चमधला मास आटोपला की सगळे फ्रेडीच्या घरी. त्याची आई, मिसेस परेरा, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकवायच्या. बाकीच्यांना डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, माझ्यासाठी वेगळं अंड्याचं कालवण. फ्रेडी चमच्यांनी टेबलावर ड्रम वाजवायचा, धाकटा आल्बन माझ्या ताटातला पाव पळवायचा.

आज नातीने, टियाने, फोन पुढे केला. "आजी, इज दिस युअर बँड?"

टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी मिळून वाजवलेला तोच जॅम. मुंबईत टीव्ही नवा होता तेव्हाचा, काळा-पांढरा. टेपा पुसून पुन्हा वापरायचे, मला वाटलं हीही गेली. पुण्याच्या कोणा संग्राहकाने इंटरनेटवर टाकलीय.

पियानोवर फक्त हात दिसतात. माझे. डाव्या करंगळीवर भाजल्याचा डाग. खाली लिहिलंय: पियानो – आल्बन परेरा.

५ जानेवारी
त्या दिवशी आल्बनला ताप होता. जॅमला कसली तालीम! फ्रेडी म्हणाला, "चारू, बस." नावांच्या पाट्या आधीच रंगवून तयार, बदलायला वेळ नव्हता. बांगड्या माइकमध्ये वाजत होत्या, साउंडवाल्याने काढायला लावल्या. मोकळी मनगटं, पुरुषाचीच वाटणार. एकाने खाली लिहिलंय, 'काय बोटं होती या माणसाची!'

निखिलला सांगितलं. जबल अलीच्या कामावरून दमून आलेला. "आई, साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ आहे. आता कोणाला पडलंय?"

मला पडलंय. त्यानंतर चार लोकांपुढे कधी वाजवलं नाही. एवढंच उरलंय.

९ जानेवारी
संग्राहकाला लिहिलं होतं. उत्तर आलं, अगदी नम्र. 'फ्रेडीसरांनी स्वतः सगळी नावं तपासून दिली आहेत.'

फ्रेडीने!

११ जानेवारी, शनि.
दुबईहून खोर फक्कानला गेलो. फ्रे. तिथे मुलीकडे असतो, जावई तिथल्या बंदरात कामाला. वाटेत बोगद्यांमागून बोगदे.

"काय गं चारू, बुढी झालीस!"
"आणि तू काय ड्रम फोडतोयस अजून?"

हसलो. चहा झाला. मग विचारलंच.

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आल्बन गेला ना, ममाकडे त्याची एक रेकॉर्डिंग नव्हती. एक पण नाही. तुला नवरा मिळाला, मुलगा मिळाला, दुबईत फ्लॅट. त्याला तीन मिनिटं दे ना."

"ती माझी आहेत, फ्रेडी."

"तेव्हा कुठे होतं हे? फेस नको, फेस नको म्हणून डायरेक्टरच्या मागे कोण लागली होती?"

निखिल माझ्याकडे बघायला लागला. मी पर्स उचलली. "यल्ला, निघू या."

परतताना नि. म्हणाला, "पण आजोबांनी मनाई केली होती ना?" मी रेडिओ लावला.

१३ जानेवारी
मामंजींनी काही म्हटलं नव्हतं. त्यांना विचारलंच नव्हतं मी. मीच घाबरले, आणि मग सगळ्यांना सांगत सुटले की सासऱ्यांनी चेहरा दाखवू दिला नाही. ह्यांनाही तेच. बिचारे मामंजी, पुढे मला म्हणाले होते, "सूनबाई, तुमचा तो कार्यक्रम आम्हाला का नाही दाखवलात?" मी म्हटलं, लाइट गेली होती.

फ्रेडीला माफ केलेलं नाही. स्वतःला तर

२० जानेवारी
संग्राहकाला पत्र पुरं केलं. डाग, बांगड्या, सहाव्या मात्रेला चुकलेलं बोट, ते झाकायला फ्रेडीने मारलेली झांज. पाठवायचं धाडस होत नाही. पाठवलं तर फ्रेडी खोटा ठरतो, ऐंशी उलटल्यावर. नाही पाठवलं तर मी नव्हतेच.

आल्बन पाव पळवायचा आणि वर म्हणायचा, थँक यू सिस्टर.

२ फेब्रुवारी
निखिल मृत्युपत्राचा फॉर्म भरतोय, इथे ते रजिस्टर करून ठेवतात. फ्लॅट, बँक, सगळं त्यात. उरलेलं इथे लिहिते.

कीबोर्ड खालच्या मजल्यावरच्या मल्याळी मुलीला. दारात उभी राहून ऐकते, तिला आत बोलवायचं राहिलं.

मोत्यांच्या कुड्या सुनेला. मागितल्या नाहीत कधी, म्हणून.

मिसेस परेरांनी दिलेली स्वरलिपीची वही फ्रेडीला. त्यावर माझं नाव त्यांच्या अक्षरात आहे. ते खोडू नये.

पत्र टियाला. फ्रेडी आहे तोवर उघडायचं नाही. नंतर पाठवायचं की फाडायचं ते तिनं ठरवावं, बापाला विचारू नये. आणि मामंजींबद्दल मी जे सांगत आले ते खोटं होतं, हे आधी वाचावं.