लाइन किती लागते?

५ मार्च
लागली एकदाची नोकरी. सात महिने घरी बसून, ताईचे टोमणे पोटभर खाऊन, अखेर परक्या गावात का होईना. काम सोपं आहे: सर्व्हरवरून किती डेटा जातो-येतो ते बघायचं आणि बँडविड्थ, म्हणजे लाइनची जागा, कोण खातंय ते शोधायचं. पडद्यावर हिरवी रेघ चढते, उतरते. खोली थंडगार, खिडकी नाही, पण खुर्ची झकास. आधीचा माणूस सोडून गेला, असं साहेब म्हणाले. त्याचा कप टेबलावरच होता, धुऊन घेतला. आईला फोन करायचा राहिला. उद्या करीन.

९ मार्च
एक गंमत. रोज दुपारी एकला, मी जेवायला उठलो की एक बारीक रेघ वर येते आणि वीस मिनिटांनी बसते. कुठून? तर माझ्याच टेबलावरच्या मशीनवरून. आज जेवायला गेलोच नाही, हात मांडीवर ठेवून बघत बसलो. रेघ आली.

१२ मार्च
छडा लागला. तो चक्क फोन आहे, त्याच मशीनवरून बाहेरच्या एका नंबरला लागणारा. माझ्या मोबाइलवरून तोच नंबर लावला. आधीच्या माणसाच्या बायकोने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी त्याची तब्येत विचारली. मग म्हणाली, "रोज एकला बोलतात हो. पण आठ महिने झाले, घरी नाही आले. या म्हटलं की काम आहे म्हणतात."
ठेवला फोन.

१३ मार्च
साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी एकच विचारलं, त्या फोनला लाइन किती लागते? नगण्य, म्हणालो. मग राहू द्या, म्हणाले. तो माणूस कुठे आहे म्हटलं, तर फायलीत डोकं घातलं. माणूस गेला तर गेला, लाइन तुंबायला नको. मी मान हलवून बाहेर आलो. सात महिने घरी बसलेल्याला मान हलवायला शिकवावं लागत नाही.

१६ मार्च
दुसरी रेघ. दुपारी दोनला. नोंदी काढल्या, चार दिवस रोज येतेय. टेबल तेच. नंबर बघायचीही गरज नव्हती, पाठ आहे. आमच्या घरचा.

१७ मार्च
ताईला फोन केला. म्हणाली, बरा सुधारलास, रोज न चुकता आईशी बोलतोस. मी आल्यापासून एकदाही केलेला नाही. तसं सांगितलं, तर हसली. आईला दिला. आईने माझा आवाज ऐकला. मग ताईला म्हणाली, मला स्पष्ट ऐकू आलं — "हा आपला नाही गं. आपला गोड बोलतो."
फोन बंद.

१८ मार्च
राजीनामा दिला. साहेबांनी वाचला नाही. उद्या दुपारी दोनपर्यंत थांबा, म्हणाले. का, ते विचारेपर्यंत पुन्हा फायलीत डोकं.

१९ मार्च
मजल्यावर कोणी नाही. दाराला माझं कार्ड चालत नाही. मोबाइलला रेंज नाही.
एक वाजला. स्पीकर लावून ऐकतोय. तो आधीचा माणूस बायकोला सांगतोय, मजेत आहे. आणि मागे, लांबून, त्याच आवाजात कोणी रडतंय —
दोन. रेघ आली. माझा आवाज. आई, जेवलीस का?
ओरडलो. आईने विचारलं, मागे कोण रे ओरडतंय?
कोणी नाही गं, माझा आवाज म्हणाला.
पुन्हा ओरडलो. तोंड उघडलं, पण ओरडणं स्पीकरमधून आलं, मागून, लांबून —