चांद्याचं दावं

आबा,

चिठ्ठी तुमच्या चंचीत ठेवतोय, म्हणजे उठल्याबरोबर हाती लागेल. चांद्याचा खुंटा रिकामा दिसला तर घाबरू नका. त्याला नव्या दोरानं मळ्यातल्या बाभळीखाली बांधलाय. विकला असता तर दावं घरीच ठेवलं असतं. बैल द्यावा, दावं देऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत.

ते दावं मी मापाला नेतोय. विहिरीजवळच्या गाडवाटेच्या रुंदीची त्याला गाठ मारली आहे. जळगावचा दुकानदार मोठाच ट्रॅक्टर घ्या म्हणतो, पण आपल्या आठ एकरांत तो वळणार कुठे? गाठीच्या आत बसेल तोच बघेन. शिवाय पायरी तुमच्या गुडघ्याला झेपेल एवढी खाली हवी, आणि चाकावरचा पत्रा माणूस बसेल इतका रुंद.

भाकरी टोपलीत आहे. मी संध्याकाळच्या एस.टी.नं येतो.

"मना बैलस्ले हात लावू नको," एवढं म्हणालात आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. नका बोलू. ट्रॅक्टरच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नाही. शेजारी बसा आणि कुठे वळायचं ते नुसतं हातानं दाखवा.

हिलाल