त्या उंदराला कोणी कच्चा म्हणालं नाही

प्रिय दादा,

मनातल्या मनात तुझ्याशी रोजच बोलते. पण आज जे पाहिलं, ते नीट बसून सांगावंसं वाटलं.

हैद्राबादच्या ज्या प्रयोगशाळेत मी लागले, तिथं कशावर काम चालतं, ठाऊक आहे? कोकेनवर! आमचे उंदीर पिंजऱ्यातली कळ दाबतात, की नळीतून ते थेट रक्तात जातं. एकदा चटक लागली की बिचारे खाणं सोडून कळच दाबत बसतात. अशाच एकाला आम्ही एन्झाइम दिलं होतं. आपल्या रक्तात ते मुळातच असतं, पण फार संथ. हे बदलून चपळ केलेलं. कोकेन मेंदूत पोचायच्या आधी रक्तातच मोडून टाकणारं.

आज तो उंदीर कळीपाशी गेला, ती हुंगली, आणि वळून दाणे खायला बसला. मी बाहेर येऊन खूप रडले रे!

मला तू आठवतोस तो गोव्यातला नाही. रानात मोहाची फुलं वेचायला पुढे निघालेला, अस्वलानं दूर जावं म्हणून मोठमोठ्यानं गाणारा. इतका बेसूर, की आई म्हणायची, "अस्वल राहू दे, आता मीच पळून जाईन!"

गोव्याच्या हॉटेलात स्वयंपाकी झालास, पार्ट्यांमध्ये कुणीतरी कोकेन हातात दिलं. वाळून घरी आलास, तेव्हा बाबांना सगळं तूच सांगितलंस. केवढं धाडस ते! चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, "दारू सोडवायला गोळ्या आहेत. याच्यावर खास असं औषध नाही. समुपदेशन आणि चिकाटी, एवढंच." बाहेर येऊन तू हसलास. "पाह्य ना सुजू, ज्याले दवाई नाई, तेच नेमकं पकडलं मी!"

घरी राहिलास, धानाची रोवणी केलीस, आईच्या हातचं पोटभर जेवलास. मग, "सामान घेऊन येतो," म्हणून पुन्हा गोव्याला गेलास. काऊन गेलास, दादा? कुठलं सामान एवढं मोलाचं होतं? तिथं पुन्हा तेच घेतलंस, आणि तुझं हृदय थांबलं. आणि मातीला आलेले लोक आईच्या कानावर पडेल असं बोलले, "पोरगा मनाचा कच्चा निघाला."

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं ऐकून तिनं आधी विचारलं, "त्या उंदराले तरास तं नाई होत ना?" मग हळूच, "म्हणजे माह्या पोराचं मन कच्चं नव्हतं?"

"नव्हतं, आई. व्यसन रक्तात, मेंदूत चालतं."

"मले माहीतच होतं. पण तू सांगितलं तं बरं वाटलं."

माणसांसाठी हे औषध अजून झालेलं नाही. होईल का, तेही सांगता येत नाही. उंदरात चाललेलं पुष्कळदा माणसात फसतं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

एक वचन मात्र देते. सुटीत घरी कुरखेड्याला आले, की बुद्धविहारात पोरापोरींना बसवून सांगेन, माझा भाऊ मिलिंद कशानं गेला. आवाज खाली न करता, तुझं नाव घेऊन. आईला विचारलं, चालेल का? म्हणाली, "मी बी येतो. पुढंच बसतो."

तुझीच,
सुजू