कौसल्याबाईंच्या गोठ्यातलं वासरू

केशोरी, शुक्रवार संध्याकाळ, २००७

हातपाय धुऊन बसले, तरी त्या वासराच्या तोंडाचा गारवा बोटांना लागूनच आहे. इतकं थंड तोंड!

गावातल्या कौसल्याबाईंच्या गाईचं वासरू, जन्मून आठवडाही झाला नाही. हगवणीने अंगातलं पाणी गेलेलं, डोळे खोल, सकाळपासून मुतलंही नाही, उठायचं त्राण नाही. मानेची शीर सापडेना. सापडली तोवर मलाच घाम फुटला. सलाईनची बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट केली, गोठ्याच्या बल्लीला टांगली आणि धानाच्या तणसावर बसून राहिले.

"वाचते का जी मॅडम? थंडा पडून राहिला," कौसल्याबाई म्हणाल्या.

"पाहू बाई." दुसरं काय सांगणार?

मग नुसते थेंब. कुडाच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, एकेक थेंब चमकून नळीत उतरत होता. गाय वासराला चाटता चाटता माझा हातही चाटायची. आपण इथे डॉक्टर म्हणून आलोय, हे विसरले होते की काय? गाय, बाई आणि मी, तिघी गावच्या बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. मधूनमधून मी वासराच्या तोंडात बोट घालून बघायची. थंडच.

ऊन उतरल्यावर पुन्हा बोट घातलं, तर त्याने ते चोखलं. आधी हळूच, मग जोरात. थोड्या वेळाने धडपडत उभं राहिलं आणि थेट बाईंच्या लुगड्यावर मुतलं.

"मुतला जी मॅडम, मुतला!" बाई ओरडल्या, आणि तशाच ओल्या लुगड्याने त्यांनी मला मिठी मारली.