एक मोटार, बंद

५ जुलै १९७९, गुरुवार
चिखल्याहून बाईचं पत्र. माझी थोरली बहीण, पण अक्षर अजून दुसरीतलं. खाणीचं क्वार्टर ३१ ऑगस्टपर्यंत खाली करून द्यायचं आहे. भाऊजी साहेबाचे ड्रायव्हर होते, रिटायर झाले. वाढवून मिळालेली मुदतही संपत आली. आमची मागची खोली रिकामी आहे, कोंढ्याला या म्हणून मी केव्हाच सांगून ठेवलंय. बाई तयार. भाऊजी नाहीत.
"ते म्हनतेत गाडी येईन त मी येईन. तूच ये न समजव. मी थकली."
मी थकली. हे वाचून जेवण गेलं नाही.
गाडी म्हणजे साहेबाची जुनी मोटार. साहेब जाताना भाऊजींना देऊन गेला. सहा वर्षं एका जागी उभी आहे.

८ जुलै, रविवार. चिखला.
एसटीने तुमसर, पुढे मिळेल ते. पोचेस्तोवर धोतर गुडघ्यापर्यंत लाल.
भाऊजींचा डावा हात हिवाळ्यात आलेल्या अर्धांगाच्या झटक्यापासून लुळा. तरी रोज सकाळी गाडी पुसतात, उजव्याने. अठ्ठेचाळीसची विलायती. काळी. हाकही 'काळी' अशीच, गायीला मारावी तशी. दोन टायरांत ट्यूबच नाही, भाताची तणस कोंबून ठेवली आहे. बसलं की कुरकुर वाजतं.
तुमसरचा भंगारवाला घ्यायला तयार आहे, असं मी हळूच सुचवलं. भाऊजी फडकं पिळत म्हणाले, "मास्तर, सव्वीस वर्सं साहेबाले बसवलं, साहेबाच्या बायकोले बसवलं, त्याईच्या कुत्र्यालेबी बसवलं. तुमच्या बहिनीले नाही. कंपनीची गाडी होती. आता माही झाली त चालत नाही."
आतून बाई: "मले कायले पाह्यजे गाडी!" आवाज मात्र पाहिजे असल्याचा.
"एकडाव तिच्या माहेरी नेतो तिले हिच्यात बसवून. मंग भंगारात टाका. मलेबी टाका."
समजवायला गेलो होतो, हो म्हणून आलो.

१७ जुलै, मंगळवार. नागपूर.
किरकोळ रजा शेवटची उरली होती, तीही गेली.
आरटीओ. साहेब शिस्तीचा माणूस. गाडी वापरात नाही असं दरसाल लिहून देत गेला, म्हणून टॅक्सचं लफडं नाही. नावबदलाचे कागद दिले. खिडकीतल्या माणसाला विचारलं, बंद गाडी दोर बांधून ट्रॅक्टरमागे नेली तर? त्याने चष्म्यावरून पाहिलं.
"चाक सरकारी रस्त्याला लागलं की वापर. ट्रकवर चढली की माल. आणि मालात माणूस बसवायचा नाही."
तीन वाक्यांत अख्खा कायदा! आमच्या शिक्षण खात्यात असा एक माणूस असता तर. वहीत उतरवून घेतलं.

२९ जुलै, रविवार
ट्रकचं जमलं. आमच्या कोंढ्याच्या राइस मिलचा ट्रक एक आठवडा आड चिखल्याला तांदूळ टाकायला जातो. मंगळवारी जातो, बुधवारी रिकामा परततो. ड्रायव्हर रहीमभाई. "खाली तो आना ही है मास्टरजी, डीजल में हाथ लगा देना." याहून स्वस्त काय?
त्यांनी ८ ऑगस्टची फेरी सांगितली. ८ ला शाळा, रजा संपलेल्या, खोटं आजारी पडणं मला जमत नाही. त्यानंतरची २२. ऑफिसातल्या यादीत पाहिलं: २२ ऑगस्ट, बुधवार, सुट्टी. देव पावला. २२ ठरली. खाणीच्या ऑफिसला गेटपाससाठी अर्ज टाकला.

९ ऑगस्ट, गुरुवार
गेटपास आला. "एक मोटार, बंद. दि. २२ ऑगस्ट रोजी फक्त." सही, शिक्का. तीनदा वाचला.
सगळा बेत सौ.ला समजावून सांगितला. पावसात ट्रक क्वार्टरपर्यंत जात नाही. तेव्हा क्वार्टरपासून फाटकाजवळच्या बांधापर्यंत गाडी बैलांनी ओढायची. ती सगळी खाणीची हद्द, सरकारी रस्ता नव्हे. बांध ट्रकच्या हौद्याइतका उंच आहे. फळ्या टाकायच्या, गाडी सरळ आत. चाक रस्त्याला लागायचं नावच नाही! भाऊजींच्या शेजारी दादू राहतो, त्याची जोडी चांगली आहे.
सौ. तांदूळ निवडत होती. "बावीसले?"
"हो."
"मंग बैल कोन देईन तुमाले? पोळा आहे त्या दिवसी."
सुपातले खडे वाजत राहिले.
सुट्टी आहे एवढंच वाचलं. कशाची ते वाचलं नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो, दारात जोडी उभी आहे, चौदा वर्षं पोरांकडून पोळ्यावर निबंध लिहून घेतो! सौ. भाजी फोडणीला पडेपर्यंत हसत होती. मग शेजारणीला सांगायला गेली.

१३ ऑगस्ट, सोमवार
पोस्टातून खाणीला ट्रंक कॉल. सही करणारे साहेब रजेवर, पुढच्या महिन्यात येतील. ट्रकची पुढची फेरी ५ सप्टेंबर. क्वार्टर ३१ ला जाणार. तुमसरच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारून पाहिलं, तो म्हणतो त्या चिखलात नाही येत.
म्हणजे २२ च. नियम, नियम करत मीच बाईच्या गळ्याला दोर लावला. फार वाईट वाटतंय. तिला अजून कळवलेलं नाही, पत्र दोनदा लिहून फाडलं.

२१ ऑगस्ट, मंगळवार. चिखला.
सकाळी रहीमभाईंबरोबर निघालो. सौ.: "आपल्या बैलाईची पूजा मी करतो. तुमी जा, लोकाईची गाडी वढा."
बाईची बांधाबांध झालेली. भांडी पोत्यात, देव टोपलीत. भाऊजींनी गाडीला तेल लावलंय, सगळीकडे तेलच तेल. दोघांना पोळ्याचं केव्हाच कळलेलं. मलाच कोणी बोललं नाही.
सांजेला दादूकडे गेलो. बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं, हळद न तूप. शेवटी तोच बोलला.
"उद्या बैल जुतत नाही मास्तर."
"माहीत आहे. मी मागणारही नाही."
"बैल नाही जुतत," तूप चोळत पुन्हा म्हणाला. "मी जुततो न."

२२ ऑगस्ट, बुधवार. पोळा.
कोंढा, सायंकाळ. हात दुखतोय, अक्षर वाकडं आलं तर आलं.
सकाळी दादू आला, खांद्यावर जाड दोराचा नाडा. त्याच्यामागे त्याचा भाऊ, त्याच्यामागे कॉलनीतले आठदहा. खाण बंद, सगळे न्हालेले, धुतलेले कपडे. मला वाटलं बघायला आलेत. त्यांनी नाडा पुढच्या बंपरला बांधला आणि दोन रांगा केल्या. जोड्या लावायच्या म्हणून भांडणसुद्धा झालं, याच्यासंग मी नाही जुतत, हा उजवा आहे, मी डावा आहे. मीही धोतर खोचलं. मास्तर कोणत्या बाजूला चालतात यावर चर्चा झाली. कोणत्याच नाही असं ठरलं, मागून ढकलायला पाठवलं.
भाऊजी स्टिअरिंगवर, एका हाताने. चाकं चिखलातून निघाली तेव्हा तणस अशी काही करकरली की काळी हंबरतेय म्हणून सगळे ओरडले. घरोघरी सजवलेले बैल दावणीला, शिंगांना बेगड, आमच्याकडे बघताहेत. त्यांच्यापुढून आम्ही माणसं गाडी ओढत चाललो. दादू जाता जाता आपल्या जोडीला म्हणाला, "पाहून घ्या लेकहो, वर्सभर तुमी वढता."
बांधावर चढवताना दोनदा मागे आली. तिसऱ्यांदा फळ्यांवर, आणि धाडकन ट्रकमध्ये. चाक रस्त्याला लागलं नाही! मी खाली वाकून पाहिलं, नाहीच लागलं.
बाई हळद-तुपाची वाटी घेऊन आली. एकेकाच्या खांद्याला बोट लावत गेली. हसत होते सगळे, पण खांदे पुढे करत होते. मलाही लावलं. मी ओढलं नव्हतं, तरी.
आभाळ भरून आलं. रहीमभाई ताडपत्री काढायला लागले. भाऊजी स्टिअरिंगवरून उठेनात. "बिरेक दाबून बसा लागते न कोनाले तरी." आणि मागच्या सीटवर बाई. केव्हा चढली कळलंच नाही. नवं लुगडं, सीटच्या अगदी काठावर टेकलेली, परक्या घरी बसावं तशी.
मालात माणूस बसवायचा नाही. वही खिशात होती. मी ट्रकवर चढलो, सांगायलाच चढलो.
बाई म्हणाली, "उतरू काय, बाबू?"
मी रहीमभाईंकडे पाहिलं. परवाना त्यांचा. ते दोराची गाठ मारण्यात गुंतले होते, फार गुंतले होते. "बारिश आ रही है मास्टरजी, जल्दी बोलो क्या करना है."
मी म्हणालो, "ताडपत्री नीट बांधा."
खाली उतरून केबिनमध्ये बसलो. तुमसर, मोहाडी, भंडारा. मागे वळून पाहिलं नाही.
नोंद: मालात माणसं होती. दोन. जबाबदारी माझी. रहीमभाईंची नाही.
कोंढ्याला आमच्या गोठ्यामागच्या धुऱ्याला, शेताच्या उंच बांधाला, ट्रक लावून फळ्यांवरून गाडी आत घेतली. पोळा फुटला होता, तोरणाखालचं सगळं गाव इकडे. ताडपत्री सोडली. बाई घामाने थबथबलेली, केस कपाळाला चिकटलेले. सौ.ने पायावर पाणी घातलं.
मी विचारलं, "रस्त्यानं काय काय पाहिलं?"
"काई नाही! अंधार गुडुप होता बाप्पा." मग हसली. मोठ्यानं. असं हसताना तिला मी तिच्या लग्नाआधी पाहिलं होतं. "पन सीट लय नरम आहे गा!"

२७ ऑगस्ट, सोमवार
पवनीहून मिस्त्री आणला. गाडीखाली बराच वेळ निजून राहिला, झोपला की काय असं वाटलं. बाहेर येऊन म्हणाला, "होईन चालू. कधी ते नका इचारू."
भाऊजी दिवसभर त्याच्या शेजारी उकिडवे. रात्री भाकर स्वतःच्या हाताने मोडून खाल्ली, डाव्यानेही धरली थोडी. बाईला म्हणाले, "ते चिखल्याहून आनलं ते मोजत नाही. तुले काई दिसलंच नाही. आता चालू झाली का कुठी जाचं ते सांग."
बाई: "सोचून सांगतो."

३० ऑगस्ट, गुरुवार
क्वार्टरची किल्ली उद्या पोचवायची. रहीमभाईंची फेरी नाही, मलाच जावं लागेल. रजेचं काय करू?
मिस्त्री आज आला नाही. गाडी तशीच.
भाऊजींनी काल विचारलं, परवा विचारलं, आज सकाळी पुन्हा: "सांग ना व, कुठी?" बाईनं अजून सांगितलेलं नाही. चुलीपुढे बसते, मध्येच थांबते, गालात हसते, पुन्हा भाकर थापते. सौ. म्हणते, आजकाल दोन भाकरी करपतात.
शाळेला निघालो तर दारापर्यंत आली. "बाबू, तुया शाळेत नकाशा आहे न? आनशीन काय?"
म्हटलं, आणतो. जिल्ह्याचा आणू?
तिने गोठ्याकडे पाहिलं, भाऊजी काच पुसत होते.
"मोठा आन," म्हणाली.